बाभळीच्या आऱ्यांची मोटार

माझ्यावर सर्वांत मोठा उपकार कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं, यमुनाक्काचं, नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा रीत म्हणून बोलतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी. ए. झालो, हायस्कुलात मास्तर झालो, हेडमास्तर होऊन घरी बसलो. निरोपाच्या समारंभात मी गुरुजनांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, आणि अक्काच्या नावापाशी येऊन थांबलो. तिचं नाव घेतलं की मोटारीची हकीकत सांगावी लागते, आणि गळ्यात हार असताना सांगण्यासारखी ती हकीकत नाही. म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

आमचं घर वडनेर भोलजीला, नांदुऱ्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या सडकेला लागून. धंदा सुतारकीचा, त्यातही गाडीच्या चाकांचा. पंचक्रोशीतली चाकं आमच्या अंगणात जन्मत आणि म्हातारी होऊन पुन्हा आमच्याच अंगणात येत. पहाटे जाग येई ती लाकूड तासणाऱ्या वाकशीच्या आवाजाने. मग रंधा, मग भात्याचा श्वास, आणि या सगळ्याच्या खाली मायच्या जात्याची घरघर. चुलीत बाभळीच्या ढलप्या जळत, त्यामुळे आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला एक तुरट धुरकट वास असे. ठेचा, अंबाडीची भाजी, ताकातल्या कण्या, सगळ्याला तोच वास. मी नांदुऱ्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या घरची भाकर मला आजाऱ्याच्या पथ्यासारखी लागली होती.

मोटार घरात आणली आजोबांनी. त्यांना सारं गाव आबाजी म्हणे. एका जिनवाल्या शेटजीच्या मोटारीचं चाक मोडलं. त्या काळच्या जुन्या मोटारींना लोखंडी नव्हे, लाकडी आऱ्यांची चाकं असत. परदेशातून नवं चाक यायला किती काळ लागेल कोणी सांगेना, तेव्हा शेटजीने आबाजींना बोलावलं. आबाजींनी मोडके आरे हातात घेऊन पाहिले, वास घेतला, आणि वाळलेल्या बाभळीचे नवे आरे घडवून बसवले. मोटार चालली. पुढे शेटजीने लोखंडी चाकांची नवी मोटार घेतली आणि जुनी जिनाच्या मागे सरकीच्या ढिगाजवळ पडून राहिली. तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. आबाजींना ते पाहवेना. त्यांनी ती मागून घेतली आणि बैलजोडी जुंपून सडकेने घरी आणली. सारा गाव रस्त्यावर. पारावरून कोणीतरी ओरडलं, "काय आबाजी, बैल मोटारीले ओढून राह्यले, का मोटार बैलाइले?"

"आज बैल ओढतीन," आबाजी म्हणाले. "उद्या तुह्या बैलाइले बसवून मलकापूर दाखवून आणीन, बे."

मायने मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यानंतर कित्येक वर्षं ती मोटार आमच्या घरातलं एक माणूस होती. आबाजींनी तिचं लाकूडकाम केलं. इंजिन बाबांनी, माझ्या वडिलांनी, अंगावर घेतलं. सर्व्हिस मोटार चालवणारे रहीमचाचा येता-जाता थांबून त्यांना शिकवीत. "मिस्तरी, ये बैल नहीं है, इसको चारा दिखाके मत बुलाओ," असं म्हणत ते बाबांच्या हातातला पाना काढून घेत आणि स्वतःच तासभर अडकून पडत. तिकडे त्यांच्या मोटारीतले उतारू शंख करीत. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा बोललं त्या दिवशी बाबा ओट्यावर बसून रडले होते, असं माय सांगे. पुढे दुसऱ्यांच्याही मेलेल्या मोटारी आमच्या अंगणात आल्या आणि उठून गेल्या. मोडक्या मोटारीकडे पाहताना आबाजींचे आणि बाबांचे डोळे सारखेच दिसत. गाय विणार असली की गुराखी तिच्याकडे बघतो, तसे.

तो डोळा पुढे माझ्यात यायला हवा होता. तो अक्कात आला. तिच्यात डोळ्यापेक्षा कान मोठा होता. चाक जोडलं की आबाजी लाकडी मोगरीने एकेका आऱ्यावर हलकेच ठोकत आणि ऐकत. घट्ट बसलेला आरा खणखणीत बोलतो. कुठे ढिला, कुठे आतून तडकलेला असला की बद बोलतो. म्हातारपणी आबाजींना कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा ते ठोकत आणि अक्का सांगे. पहिल्यांदा गंमत म्हणून. मग तिने पटाशी धरली, मग वाकस. सुताराच्या घरी बाई रंधा खेचते म्हणून चार लोक हसले. आबाजींनी त्यांना विचारलं, "तुमच्या घरी भाकर कोण थापते? हात तेच हायेत ना?"

मी चौथी पास झालो तेव्हा मास्तर घरी आले आणि पोराला पुढे शिकवा म्हणाले. बाबा म्हणाले, हातांची गरज आहे, पोरगा कामावर पाहिजे. अक्का आत पाणी भरत होती. ती घागर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "महादूच्या जागी मी करीन. त्याले जाऊ द्या." बाबांनी आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी मान हलवली. माझं शिक्षण त्या ओट्यावर एवढ्या थोड्या शब्दांत ठरलं. त्यानंतर मी नांदुऱ्याला आणि पुढे मलकापूरला शिकत असताना माझ्या वाट्याची वाकस तिने चालवली.

आबाजींचा एक नियम होता. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, चाकं खिळखिळी होतात, म्हणून आमच्याकडे लांबच्या प्रवासाआधी गाडीची चाकं रात्रभर नदीत ठेवतात. लाकूड फुगून घट्ट होतं. आबाजी म्हणत, "गाडीचं चाक पाण्यात टाक, मोटारीचं टाकू नको. गाडीले बैल ओढते, चाक नुसतं गरगर फिरते. मोटारीत चाकच ओढते अन् चाकच थांबवते. सारा पीळ आऱ्याइवर." भिजलेला आरा उन्हात पुन्हा सुकला की पहिल्यापेक्षा ढिला होतो, हे त्याचं कारण. बाबांनी हे पुष्कळदा ऐकलं होतं. पण बाबांचा जीव इंजिनात. चाक म्हणजे त्यांच्या लेखी शेवटी चाकच.

आबाजी गेले आणि वर्षाच्या आत अक्काचं लग्न ठरलं. स्थळ जळगाव जामोदचं, आमच्याच जातीचं, पण लाकूड विकणारं. हातात वाकस न धरणारं. साखरपुडा होताच मायने अक्काच्या हातची हत्यारं काढून घेतली. नवरीचे हात मऊ दिसावेत म्हणून त्यांना रोज साय चोळू लागली. मोटारीच्या मागच्या एका चाकाचे आरे नव्याने बसवायला झाले होते. अक्का ते सांगत राहिली आणि बाबा बघू म्हणत राहिले. त्यांच्या मनात एकच होतं. माझी लेक मोटारीत बसून सासरी जाईल. महायुद्धाची लढाई सुरू होती, पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळत होतं. रहीमचाचांनी कुठून तरी एक डबा आणून दिला. बाबांनी ही गोष्ट साऱ्या वडनेरला सांगून ठेवली होती, आणि व्याह्यांनाही.

वैशाखातलं लग्न. हळदीच्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर मोटार दगडांवर उभी आणि बाबा गडीमाणसांबरोबर चारही चाकं गडगडवत नदीच्या डोहाकडून वर आणत होते. चाकांतून पाणी ठिबकत होतं. आतल्या खोलीत अक्काला हळद लागली होती. ती उठून दारापर्यंत आली. हळद लागली की नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, कामाला हात लावायचा नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"बाबा, पाण्यात टाकली काय चाकं?"

"मंग? कुईकुई करून राह्यली होती. पाह्य आता कशी घट झाली."

"आबाजीनं नाही म्हणून सांगतलं होतं."

"आबाजी नाही आता," बाबा म्हणाले. "अन् तू नवरी हायेस. आत जाऊन बस."

ती आत गेली नाही. तिने मला हाक मारली. "महादू, मोगरी घे. मागचं उजवं चाक. एकेक ठोक." मी मोगरी घेऊन चाकापाशी बसलो. ती चौकटीला धरून उभी, केसांत हळद, डोळे मिटलेले. मी ठोकत गेलो. "हो... पुढचा... हो... पुन्हा मार... हा बद बोलते. याच्या पुढचाही." आत बसलेल्या बाया हसू लागल्या. एक मावशी म्हणाली, "बाप्पा! नवरीले मोटारीची काळजी, नवऱ्याची नाही!"

बाबांनी माझ्या हातातून मोगरी घेतली. "पोरी, वल्लं लाकूड बदच बोलते. एवढं नाही शिकवलं तुले आबाजीनं?"

ते खरं होतं. पाण्याने चाकाचा आवाजच झाकला होता. त्या ओल्या चाकातला कोणता आरा नुसता ओला होता आणि कोणता सुटत आलेला, हे ठोकून कोणालाच सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "मंग वाळू द्या, वाळल्यावर ठोकून पाहू. चार दिस थांबा."

"लगन थांबते का चार दिस?"

"मंग मी बैलगाडीत जाईन."

रहीमचाचा बाजूला इंजिनात डोकं घालून उभे होते. ते वर न पाहता म्हणाले, "मिस्तरी, लडकी की सुनो. बैलगाडी में भेज दो." बाबांनी ऐकलं नाही. आता लिहिताना मला त्यांचा राग येत नाही. आयुष्यात एकदा त्यांना आपलं काम साऱ्या गावाला दाखवायचं होतं, आणि ते लेकीसाठीच होतं.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर वरात निघाली. बाबा चालवायला, मागे नवरा-नवरी, आणि नवरीच्या सोबतीला पाठराखा म्हणून पुढे मी. सडकेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. बाबांचा फेटा वाऱ्याने उडत होता, आणि त्यांना मी त्याआधी किंवा त्यानंतर तसं हसताना पाहिलं नाही. नांदुऱ्यापर्यंत मोटार लोण्यासारखी चालली. पुढे ऊन वाढलं. उत्तरेला सातपुडा धुळीत मिसळून गेला होता. मागच्या चाकातून बारीक टकटक येऊ लागली. मी मागे वळून पाहिलं. अक्काच्या डोक्यावर पदर आणि मुंडावळ्या, तोंड दिसत नव्हतं, पण तिचा हात दाराच्या कडेला घट्ट धरलेला होता. पूर्णेच्या पात्रात उतरायचा तो लांब उतार. बाबांनी ब्रेक दाबला, आणि वाळकी फांदी मोडावी तसे आरे एकापाठोपाठ मोडले. मोटार मागून खाली बसली, आडवी झाली आणि उताराच्या कडेवरून घसरली.

आम्ही तिघे धुळीत फेकले गेलो, खरचटण्यावर निभावलं. बाबांचा पाय मोटारीखाली सापडला होता. मागून गाड्यांतून येणाऱ्या वऱ्हाड्यांनी मोटार उचलली. नवऱ्याची आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पाय लागायच्या आंदीच हे. अशी कशी ही पांढऱ्या पायाची!" अक्का बाबांजवळ बसली होती. तिला त्यांच्याबरोबर माघारी नांदुऱ्याला जायचं होतं. सगळे म्हणाले, सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडल्याशिवाय नवरीने मागे फिरू नये, आणखी वाईट होईल. बाबांना एका गाडीत घालून मागे नेलं. आम्हाला दुसऱ्या गाडीत घालून पुढे. मी पाठराखा, मला तिच्याबरोबर जाणं भाग होतं. वाटेत ती एकदाच बोलली.

"बाबाचा कोणता पाय, महादू?"

"उजवा."

"म्हंजे बिरेकवरच होता," ती म्हणाली.

बाबांचं हाड वाकडं जुळलं. त्यांना उभं राहून काम करता येईना. मोटार बैलांनी ओढून घरी आणली आणि निंबाखाली ठेवली, तीन चाकांवर आणि एका दगडावर. बाबा दिवसभर ओसरीत बाजेवर पडून तिच्याकडे पाठ करून असत. माय सांजेला दिवा लावी, पण आमच्या घरातला आवाज गेला होता. वाकस नाही, भाता नाही. जात्याची घरघर उरली, आणि तीही कमी झाली, कारण खाणारे कमी खात.

पुढच्या आखाजीला अक्का माहेरी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. झाडाझाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी दिवसभर झोक्यावर असतात. अक्का आली, पाय धुतले, बाबांजवळ बसली. बाबा बऱ्याच दिवसांनी बोलले. "महादूले शाळेतून काढतो. तू पावसाळाभर राह्य इथी. त्याले शिकव. मी बसल्या जागून सांगीन. आबाजीची चीज हाये, बुडू नये."

"मले कोण राहू देते, बाबा?"

"मी व्याह्याचे पाय धरीन."

"नका धरू." ती म्हणाली, "अन् महादूले कान नाही. लईदा ठोकायले लावलं म्या त्याले. त्याले सारे आरे सारखेच आयकू येते." मी हसलो, कारण ते खरं होतं. ती हसली नाही. "त्याले पुस्तक येते. तेच करू द्या. मोटार इका."

चुलीपाशी मायच्या हातातला चिमटा थांबला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. ते नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून अक्काने मोटार उकलायला घेतली. मोडकी मोटार जशीच्या तशी भंगारात जाते, सुटे भाग नीट पुसून ठेवले तर कामाला येतात, असं ती म्हणाली. बाहेर झोके चालले होते, पोरी तिला हाका मारत होत्या, आणि ती लुगड्याचा काचा मारून निंबाखाली बसली होती. आबाजींनी आणि बाबांनी ज्या ओळीने मोटार उभी केली त्याच्या बरोबर उलट ओळीने ती उकलत गेली. प्रत्येक नट त्याच्याच आट्यावर परत फिरवून ठेवी. इंजिनाचे भाग रॉकेलने धुऊन, तेल लावून, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधी. मी शेजारी बसून हातात पाने देत होतो. ते काम ती इतकं मन लावून करत होती की क्षणभर मला वाटे, ही मोटार जोडतेच आहे.

ते पुरं व्हायच्या आत तिचा दीर, श्रीरामभाऊ, तिला न्यायला आला. ठरल्यापेक्षा आधी. माणूस वाईट नव्हता. मायसाठी पेढे घेऊन आला होता. निंबाखाली अक्काला कोपरापर्यंत काळी पाहून तो जागीच थांबला.

"वहिनी, हे काय?"

"सामान काढून राह्यली, भाऊजी. आजच्या दिसात होते."

"लोक काय म्हणतीन? जळगावात तोंड कुठी लपवाव आम्ही? एक मोटार तुमच्यापायी मोडली, ते कमी झालं काय?"

अक्काने राखेने हात धुतले. नखांतला काळेपणा गेला नाही. तशीच ती गाडीत बसली. उरलेले भाग मी काढले. मला जमले तसे.

त्यानंतर तिला माहेरी पाठवलं नाही. कधी पेरणी, कधी सासूचं दुखणं, कधी बाळंतपण. मी एकदा भेटायला गेलो तर ओसरीत घरच्या सगळ्यांसमोर तिने मला गुळाचा चहा दिला, बाबा कसे आहेत विचारलं, आणि आत गेली. इंजिन मलकापूरच्या एका पिठाच्या गिरणीला गेलं आणि त्या पैशांवर माझं अमरावतीचं कॉलेज निघालं. बाकी लोखंड लढाईच्या भंगारात गेलं. सुट्टीला येताना मलकापुरात उतरलो की गिरणीचा धडधड आवाज येई. मी वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने जात असे.

आजकाल जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात. नातवाने परवा वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. लाकडी आऱ्यांची एक मोटार, शेजारी टोपी घातलेले गृहस्थ. नातू म्हणाला, "आजोबा, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जपतात म्हणे." मी चष्मा काढून ठेवला. आमच्यात ती चीज तिसऱ्या पिढीपर्यंत आली, सर्वांत नीट तिसऱ्याच पिढीच्या हातात आली, आणि ते हात साय चोळून मऊ केले गेले.

बी. ए.च्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा पहिलं पत्र मी अक्काला लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. त्या घरात वाचणारा एकटा श्रीरामभाऊ. जे लिहीन ते तो ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार, आणि त्यातला एखादा शब्द तिला पुढे वर्षभर ऐकवला जाणार, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं शिकून आलेला मी कंदिलाजवळ बसलो आणि कागदामागून कागद फाडले. फाडलेल्या कागदांत मोटार होती, आखाजी होती, माझ्या जागी राबलेली ती होती. शेवटी जे पाठवलं त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. उत्तर आलं नाही. पुढल्या वर्षी दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. पत्र तिला कोणी वाचून दाखवलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तीर्थरूप सौ. अक्का हिचे सेवेसी,

बालके महादेवचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील सर्व क्षेम. तुमच्याकडील क्षेम कळवावे.

पत्र लिहिण्यास कारण की, मी बी. ए.च्या परीक्षेत पास झालो. ही हकीकत प्रथम तुला कळवीत आहे. मास्तरची जागा मिळेल असे दिसते. बाबांची प्रकृती आहे तशीच आहे. काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात. मायचे डोळे जरा मंद झाले आहेत. निंबाखालची जागा मोकळी झाली, तेथे मायने वांगी लावली आहेत. चांगली आली आहेत.

येत्या आखाजीस तुला चार दिवस पाठवावे अशी मायची इच्छा आहे. तुझ्या घरच्या वडील मंडळींच्या सोयीने व्हावे, आमचा आग्रह नाही. श्रीरामभाऊंनी हे पत्र तुला वाचून दाखवावे ही विनंती. त्यांस व सर्व वडील मंडळींस माझा नमस्कार. बाळास आशीर्वाद.

लिहिण्यासारखे दुसरे काही नाही.

तुझा धाकटा भाऊ,
महादेव